पोटावरचं वांगं

आमचे घरमालक समोरच्याच्या तोंडाकडे पाहून कधी बोलत नसत. पोटाकडे पाहून बोलत. जळगावात बदलून आल्यावर खोल्या बघायला मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यांपैकी काहीच विचारलं नाही. माझ्या शर्टाच्या खालच्या बटणांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छाती हलते तुमची."

हलणारी छाती ही तोवर मी जिवंतपणाची खूण समजत होतो. "हो," मी म्हणालो.

"सुधारणेस वाव आहे," ते म्हणाले आणि किल्ली दिली.

सगळी कॉलनी त्यांना सर म्हणे. खरं तर त्यांनी आयुष्यात कोणाला शिकवलं नव्हतं. शिकवणाऱ्यांना तपासलं होतं. धुळे जिल्ह्यात शाळा तपासणारे अधिकारी म्हणून त्यांची हयात गेली होती. त्यांची जीप गावाच्या शिवेवर दिसली की मास्तर मंडळी भिंतीवरचे नकाशे सरळ करत आणि फळ्यावर सुविचार लिहीत, असं ते स्वतःच अभिमानाने सांगत. एका शाळेत तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घंटा वाजवून पाहिली आणि शेरा दिला, "घंटेत उत्साह नाही." त्यांच्याकडचा सर्वांत वाईट शेरा मात्र दोनच शब्दांचा होता. "लक्ष नाही." हा शेरा मिळालेला मास्तर म्हणे दोन दिवस जेवत नसे.

अशा माणसाला सरकारने निवृत्त केलं, ही सरकारची चूक होती आणि ती आम्हाला भोगावी लागली. आधी सरांनी कॉलनीच्या पाण्याच्या टाक्या तपासल्या. मग वाळत घातलेले कपडे तपासले. मग धुळ्याला कुठल्याशा शिबिराला गेले, तिथे त्यांना पोटाने श्वास घ्यायला शिकवलं, आणि परतताना त्यांच्या लक्षात आलं की श्वास ही एक वस्तू अशी आहे की जी प्रत्येकाकडे असते, प्रत्येकाची चुकते आणि जिच्यावर अजून कोणत्याही अधिकाऱ्याने शेरा मारलेला नाही.

कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये मारुतीचं देऊळ आहे. त्याच्या पत्र्याच्या मंडपात सकाळी वर्ग भरू लागला. भाड्याच्या करारात लिहिलं नव्हतं, पण मी भाडेकरू असल्यामुळे हजर होतो. सतरंजीवर उताणं पडायचं, पोटावर एक वस्तू ठेवायची, श्वास आत घेतला की वस्तू वर, सोडला की खाली. इतकी साधी गोष्ट. लहान मूल ती कोणी न शिकवता करतं. आम्हाला मात्र अधिकारी लाभला होता.

वस्तू म्हणून आधी लिंबू होतं. आठवड्यात लिंबू गेलं आणि कांदा आला. कांदा सरांना पटेना. मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की, या कामाला भरताचं वांगंच हवं. आमच्याकडची भरताची वांगी म्हणजे तान्ह्या मुलाएवढा ऐवज. हिरवं, पांढुरकं, गुळगुळीत. "वजन असल्याशिवाय पोटाला जबाबदारीची जाणीव होत नाही," सर म्हणाले. वांग्याचा देठ हनुवटीकडे हवा, अंगात गडद रंगाचाच कपडा हवा, आणि मंडपात ऊन आलं की वर्ग बंद, कारण उन्हात श्वास पातळ होतो. यातल्या प्रत्येक नियमाला शास्त्र होतं, आणि ते शास्त्र सरांना त्या त्या क्षणी सुचत असे.

थंडीत भरीत खायचं सोडून खानदेशातली शहाणीसुरती माणसं पोटावर वांगं घेऊन ओळीने पडली आहेत, हे दृश्य रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं पोट असं होतं की त्यावर वांगं ठरतच नसे. ते गडगडत शेजाऱ्याकडे जाई आणि मग कोणाचं कोणतं यावर वाद होई. वर्ग संपल्यावर वांगी गोळा करून सर सांगत की ही खायची नाहीत, यांनी आपला ताण शोषलेला आहे. ती त्याच दिवशी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात भाजली जात. ताण शोषलेल्या वांग्यांचं भरीत चवीला अजिबात वाईट लागत नाही.

सर काठी मागे धरून रांगेतून फिरत. एकेका पोटापाशी थांबत. वाकत. मग मला विचारत, "काय वाटतं तुम्हाला?" मला वाटे, ही त्यांची शिकवण्याची पद्धत आहे. मी म्हणे, "हलतंय थोडं." मग ते गंभीरपणे म्हणत, "हलतंय. पण थोडं." रांगेतल्या प्रत्येकाला हा शेरा ऐकायची धडकी असे. सरांची पावलं जवळ आली की लोक श्वास रोखून धरत आणि पोट नुसतंच फुगवत. आमच्या वर्गात श्वास सोडून सगळं चालू असे.

माझं म्हणाल, तर महिनाभरात मला एक नवीनच आजार झाला. जळगावात नळाचं पाणी रोज येत नाही, ते केव्हा येईल याच्याकडे डोळे लावून बसावं लागतं. श्वास मात्र आजवर न सांगता येत असे. आता मी त्याचीही वाट पाहू लागलो. जेवताना घास तोंडाशी नेला की वाटे, आत्ताचा श्वास घेतला का? कुठून घेतला? ग्रंथालयात माझी नोकरी. समोरचा वाचक पुस्तक मागतोय आणि मी टेबलाखाली पोटावर हात ठेवून बसलोय, अशी परिस्थिती आली. आपण लक्ष काढून घेतलं तर हे यंत्र बंद पडेल, अशी मला खात्री वाटू लागली. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "भीती वाटते? म्हणजे प्रगती आहे."

या वर्गात असोद्याच्या अक्का आल्या तेव्हा मात्र हा खेळ राहिला नाही.

अक्का आमच्या समोरच्या घरात मुलाकडे राहत. सत्तरी उलटलेली. एक डोळा तरुणपणीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. धुळ्याला त्यांची लेक दिलेली, म्हणून दवाखाना धुळ्याचा. ऑपरेशन साधं होतं; पण तोंडावर हिरवं कापड टाकलं की अक्कांचा जीव घुसमटे, आणि त्या टेबलावरून उठून बसत. असं दोनदा झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की, पूर्ण भूल द्यावी असं तुमचं हृदय नाही, आणि चालू ऑपरेशनमध्ये उठलात तर उरलेला डोळाही जाईल. शांत पडून राहायला शिका, मग या. कोणीतरी त्यांना सांगितलं, पोटाने श्वास घेतला की माणूस शांत पडतो. अशा रीतीने एक डोळा वाचवायला त्या सरांच्या तावडीत आल्या.

"सर," पहिल्याच दिवशी पोटावर वांगं घेऊन अक्का म्हणाल्या, "श्वास घ्यायचं ध्यानात ठू का पोट फुगवायचं? दोन्ही ध्यानात ठेवलं का मधात श्वासच राहून जाते."

"बोलू नका. लक्ष नाही तुमचं."

"लक्ष तं हाय बाप्पा! लक्ष हाय म्हनूनच तं जीव घाबरा व्हते."

मी त्या वाक्यावर थांबलो. सर थांबले नाहीत. मात्र दुसरी एक गोष्ट ते रोज विचारत. "ते कापड जाड असतं की पातळ? नाकावरसुद्धा येतं? हात बांधतात का?" अक्का सांगत, आणि प्रत्येक उत्तरानंतर सर खिशातून रुमाल काढून कपाळ पुसत. थंडीचे दिवस होते. मी समजलो, अधिकारी माणूस, खोलात जातोय.

अक्कांची प्रगती काही होईना. उलट आधी त्या फक्त टेबलावर घाबरत, आता सतरंजीवरही घाबरू लागल्या. तारीख जवळ आली तेव्हा त्यांच्या मुलाने मला बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्ही चला सोबत. आई या वेळी उठली तर डॉक्टर परत हात लावणार नाहीत." मी हो म्हटलं. सरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते सकाळी गडद चष्मा लावून गाडीत पुढे बसलेले होते. "विद्यार्थी परीक्षेला जातो तेव्हा अधिकाऱ्याने हजर असावं," असं त्यांचं म्हणणं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, धुळं आलं. तोवर त्यांच्या सूचना चालू होत्या. मागे अक्का पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. धुळ्यात उतरल्या तेव्हा त्या पदराची दोरी झाली होती.

दवाखान्यात डोळ्यांच्या पेशंटची बाकावर रांग होती. अक्का बसल्या, त्यांच्या शेजारी सर बसले आणि खालच्या आवाजात बोलू लागले, "नाभीपासून. घाई नको. खांदे खाली. मी बाहेर आहे हे विसरू नका." हे ऐकून अक्कांचा श्वास चांगलाच वर चढला. मी सरांना गप्प करावं म्हणून उठलो, तेवढ्यात सिस्टर बॅटरी घेऊन रांग तपासत आली. तिने अक्कांचा डोळा पाहिला, आणि हात होता तसाच पुढे नेऊन सरांचा चष्मा वर केला, पापणी उघडली, बॅटरी टाकली.

"अरे बाबा!" धुळ्याची मुलगी, ती बिनधास्त अहिराणीत म्हणाली, "तुमना मोतीबिंदू तं बठ्ठा पिकी गया!"

"मी पेशंट नाही," सर म्हणाले.

"आनी दुसरा भी!" तिने दुसरी पापणीही उघडली होती. "बाबा, मी कितला बोटं दखाडी राहिनू?"

सिस्टरने हात अजून पुढे नेला. सरांनी माझ्या दिशेला तोंड केलं आणि सवयीने विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?"

आणि मला एका क्षणात सगळं दिसलं. लिंबू का गेलं. कांदा का गेला. वांगं का आलं, त्याचा देठ हनुवटीकडे का, कपडा गडद का, उन्हात श्वास पातळ का होतो. ते स्कूटर असून माझ्या गाडीवर मागे का बसत. "मागे बसलं की पोट मोकळं राहतं," म्हणायचे. गेले काही महिने आमच्या श्वासावर शेरे मारणाऱ्या अधिकाऱ्याला आमचं पोटच काय, आम्हीसुद्धा धड दिसत नव्हतो. आणि आम्ही घाबरून पोटं फुगवत होतो.

हे अक्कांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्या सरांकडे वळल्या.

"सर, म्हंजे तुम्हाले माह्यं वांगं दिसतच नव्हतं?"

"अंदाज येत असे," सर म्हणाले.

"अन् मले रोज म्हने, लक्ष नही, लक्ष नही!" अक्का हसायला लागल्या. आधी पदर तोंडाशी नेऊन, मग पदर सोडून. बाकावरचे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांना आत बोलावलं तेव्हाही त्या हसतच होत्या. दाराशी मुलगा म्हणाला, "आई, उठू नको हां." त्या म्हणाल्या, "आते कायले उठू?" आणि आत गेल्या.

आम्ही बाहेर बसलो. दाराआडून एकदाच डॉक्टरांचा आवाज आला, "आजी, हसू नका, डोळा हलतो." मुलाने माझा हात घट्ट धरला. मग बराच वेळ आवाज नाही. मग अक्का डोळ्यावर पट्टी लावून, दवाखान्यात येऊन थांबलेल्या लेकीच्या खांद्यावर हात टेकून बाहेर आल्या. झालं होतं.

"काय केलंत अक्का?" मी विचारलं.

"काई नही. फडकं टाकलं, अन् माह्या ध्यानात आलं का हा बाप्पा बठ्ठ्यायची पोटं पाहे अन् त्याले दिसेच नही. तेच आठवू राह्यली. मंग डॉक्टर म्हने, झालं."

परतताना सर मागे बसले. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना विचारलं, "कधीपासून?"

"शासकीय सेवेत असतानापासून," ते म्हणाले. जणू तोही एक भत्ता होता.

"मग ऑपरेशन?"

सरांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. "तोंडावर कापड टाकतात म्हणे," ते म्हणाले.

तेवढंच. ते शिबिर, तो श्वास, तो मंडप, ती वांगी, सगळं त्या एका कापडासाठी होतं. माणूस स्वतः घाबरून शिकायला गेला होता; शिकता आलं नाही म्हणून शिकवायला लागला. आणि शिकवताही येईना म्हणून तपासायला लागला. अशाने बऱ्याच लोकांची चांगली कारकीर्द होते.

या प्रकारानंतर सर शरमतील आणि वर्ग बंद होईल, अशी माझी आशा होती. माझा अधिकारी वर्गाशी फारसा परिचय नव्हता. वर्ग पुढच्याच सोमवारी पुन्हा भरला. सरांनी जाहीर केलं की, डोळ्यांनी तपासणं ही तपासणीची प्राथमिक पायरी आहे. लोकही आले. दिसत नाही हे कळल्यावर उलट हजेरी वाढली. सगळे मजेत पडून राहत, काही जण झोपत. मीही पहिल्यांदा पोटाचा विचार न करता पडलो आणि घरी गेल्यावर मला आठवलं की सकाळपासून श्वासाची चौकशी केलेली नाही.

ऑपरेशनचं मात्र सर टाळत राहिले. आधी थंडी होती, मग ऊन वाढलं. मग ते म्हणाले की, पेरण्यांच्या दिवसांत डॉक्टरांचं लक्ष नसतं. एकदा मंडपाची पायरी चुकली आणि गुडघा फोडून घेतला, तर पायरीवर शेरा दिला. एके दिवशी ते गॅस पेटवायला गेले आणि काडी भलतीकडेच धरली, बाहीला झळ लागली, तेव्हा मी त्यांच्या मुलाला पुण्याला फोन केला. मुलगा म्हणाला, "बाबांना कोण सांगणार?" साहेब घाबरतात, हे साहेबांना सांगायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

सांगितलं अक्कांनी. त्यांना आता त्या एका डोळ्याने लख्ख दिसत होतं आणि त्या तो डोळा सगळीकडे वापरत होत्या. एके सकाळी वर्ग सुटल्यावर त्या मंडपात आल्या, उरलेल्या वांग्यांतलं एक उचललं आणि म्हणाल्या, "सर, आडवे व्हा."

"मी?"

"तुमचं कोनी कधी पाह्यलं का? व्हा आडवे."

मंडपात आम्ही तिघंच होतो. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, म्हणजे मान फिरवली, आणि पडले. अक्कांनी त्यांच्या पोटावर वांगं ठेवलं. देठ हनुवटीकडे. आम्ही पाहत राहिलो. वांगं दगडासारखं स्थिर होतं. वर सरांची छाती भात्यासारखी चालली होती.

"हलतंय?" सरांनी विचारलं.

मी अक्कांकडे पाहिलं.

"नही," अक्का म्हणाल्या. "तुमचं वांगं मेलेलं हाय, सर."

मला वाटलं, आता ते उठतील आणि मला घर सोडायला सांगतील. ते उठले नाहीत. छताच्या पत्र्याकडे तोंड करून म्हणाले, "अक्का, खरं सांगा. आत काय होतं?"

अक्का पायरीवर बसल्या. "फडकं टाकतात. मंग अंधार. डॉक्टर त्याच्या कामात, नर्स तिच्या कामात. आपन काय करू राह्यलो, तोंड कसं झालं, रडू राह्यलो का हसू राह्यलो, कोनाले काई दिसत नही. तिथं तपासाले कोनी येत नही, सर. लय बरं वाटते."

सरांनी वांगं पोटावरून उतरवून बाजूला ठेवलं, हलक्या हाताने, जसं कोणी साहेबाच्या टेबलावर फाईल ठेवतो.

श्रावणात आम्ही त्यांना धुळ्याला नेलं. तोच बाक, तीच सिस्टर. तिने ओळखलं, पण बोटं दाखवली नाहीत. आत जाताना सरांनी माझ्याकडे चष्मा दिला आणि म्हणाले, "काही सूचना?" हा प्रश्न त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाला केला असेल असं मला वाटत नाही. अक्का मागून म्हणाल्या, "जा आते."

हल्ली त्यांना सगळं दिसतं, त्यामुळे कॉलनीला दिवस वाईट आले आहेत. माझ्या पंख्यावरची जळमटं, शेजाऱ्यांच्या गच्चीवरचं शेवाळ, मारुतीच्या शेंदराची छटा, काही सुटत नाही. मला पहिल्यांदा स्वच्छ पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही मला याहून तरुण वाटत होतात." वर्ग मात्र मोडला. दिसणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पोट उघडं करून पडायला कोणी तयार नाही. भरताची वांगी पुन्हा भरतालाच जातात.

पण ऑपरेशनचा तो दिवस वेगळा होता. सरांना बाहेर आणलं, पट्टीवर काळा चष्मा चढवला, बाकावर बसवलं. मी वर्षभर शेरे ऐकले होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "सर, आत श्वास कुठून घेतलात? पोटातून की छातीतून?"

त्यांनी एक हात पोटावर ठेवला, एक छातीवर. ज्या माणसाकडे घंटेच्या आवाजालाही शेरा होता, तो स्वतःच्या श्वासाचा शेरा चाचपून शोधत होता. शेवटी ते म्हणाले,

"लक्ष नव्हतं."